करंट येतोय का, पेट्रोल येतंय का?

मे महिन्यातली दुपार. आमची १९६८ सालची मोटार वाईहून निघून पसरणी घाट दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश, पण एकदाही न अडखळता चढली. वरच्या एका वळणावर आम्ही थांबलो. खाली धोम धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं, शेजारीच उसाच्या रसाची गाडी होती. रस पिऊन पंधरा मिनिटांनी परत आलो आणि किल्ली फिरवली. सेल्फ जोरात फिरला, पण इंजिन काही पेटलं नाही. पुन्हा मारला. पुन्हा तेच.

दादा म्हणाला, "पेट्रोल चढत नाहीये." मला वाटत होतं, कंडेन्सर गेला. दोघांचंही म्हणणं शक्य कोटीतलं होतं, कारण हे दोन्ही दोष इंजिन तापल्यावरच डोकं वर काढतात आणि ते निवलं की गायब होतात. माझ्याकडे डिकीत नवा कंडेन्सर होता. तो बसवायला मी पाना हातात घेतला, तेवढ्यात रसवाल्यानं फोन करून बोलावलेले वाईचे मिस्त्री मोटारसायकलवरून पोहोचले.

"सेल्फ मारणं थांबवा आधी, बॅटरी बसेल," ते म्हणाले. मग त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. थांबण्याआधी गाडी अडखळत होती का? आणि थांबून किती वेळ झाला? उत्तरं ऐकून त्यांनी बोनेट उघडलं. "पाना ठेवा खाली. आधी करंट बघू, मग पेट्रोल. काही बदलायचं ते त्यानंतर."

जुन्या मोटारीच्या विज्ञानाचा सगळा गाभा त्या तीन वाक्यांत आहे.

सेकंदाला शंभर ठिणग्या

पेट्रोल इंजिनाला चालायला तीन गोष्टी लागतात : हवा, पेट्रोल आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. हवा सहसा दगा देत नाही. उरतात दोन संशयित. मिस्त्रींनी पिशवीतून एक जादा प्लग काढला, तो वायरला जोडला आणि त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवून वायर रबरी मुठीच्या पकडीनं धरली. दादानं सेल्फ मारला. प्लगच्या टोकाशी निळी, टणक ठिणगी टकटक उडू लागली. "करंट झकास आहे," ते म्हणाले. माझा संशयित तिथेच सुटला.

ती ठिणगी तयार कशी होते? बॅटरी देते १२ व्होल्ट. प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला लागतात हजारो व्होल्ट. मधलं काम करते इग्निशन कॉइल. तिच्यात एका लोखंडी गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी असतात : एक जाड तारेचं, काही शे फेऱ्यांचं आणि दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, हजारो फेऱ्यांचं. जाड वेटोळ्यातून विजेचा प्रवाह गेला की गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. प्रवाह झटक्यात तोडला की ते क्षेत्र कोसळतं, आणि बदलतं चुंबकीय क्षेत्र तारेत वीज निर्माण करतं हा मायकेल फॅरेडेनं १८३१ साली दाखवलेला नियम इथे कामाला येतो. बारीक तारेच्या हजारो फेऱ्यांमध्ये क्षणभर पंधरा-वीस हजार व्होल्ट उमटतात.

प्रवाह तोडण्याचं काम 'पॉइंट' करतात. डिस्ट्रिब्युटरमधल्या या दोन चिमुकल्या धातूच्या टिकल्या उघडतात तेव्हा त्यांच्यात जेमतेम ०.४ मिलिमीटरची फट पडते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर या टिकल्या सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात. दर वेळी उघडताना त्यांच्यातही ठिणगी पडू पाहते. ती पडली तर प्रवाह झटक्यात तुटत नाही, रेंगाळतो, आणि प्लगची ठिणगी पिवळट, मरतुकडी होते. ती उसळी कंडेन्सर पोटात घेतो. कंडेन्सर बिघडला की पॉइंट काळे पडतात, जळतात. त्याच्या आतलं इन्सुलेशन कमजोर झालं असेल तर ते उष्णतेत आधी दगा देतं. म्हणून माझा संशय चुकीचा असला, तरी निराधार नव्हता.

इथे क्रमालाही महत्त्व आहे. ठिणगीची परीक्षा आधी घ्यायची आणि पेट्रोलची नळी नंतर उघडायची. उलट केलं, तर सांडलेल्या पेट्रोलशेजारी आपण हातानं ठिणगी पाडतो. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडत असतं आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यानं खाली साचून राहते. घाटातल्या मेच्या दुपारी उघड्या पेट्रोलजवळ काय होऊ शकेल, हे वेगळं सांगायला नको.

पंपानं हवा धरली

मग मिस्त्रींनी किल्ली बंद करून काढून घेतली. कार्ब्युरेटरकडे जाणारी पेट्रोलची नळी सैल केली, तिचं तोंड एका काचेच्या बाटलीत धरलं आणि इंजिनाला चिकटलेल्या पेट्रोल पंपाचा खालचा छोटा खटका बोटानं वर-खाली केला. बाटलीत धार पडायला हवी होती. पडला तो नुसता फेस आणि बुडबुडे. "पंपानं हवा धरलीय," ते म्हणाले.

विहिरीवरची मोटर हवा धरते तेव्हा काय होतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पंप फिरत राहतो, पाणी मात्र चढत नाही. इथे फरक एवढाच, की हवा बाहेरून शिरलेली नसते. पेट्रोलचीच वाफ झालेली असते. याला 'व्हेपर लॉक' म्हणतात.

पाणी १०० अंशांना उकळतं, पण पेट्रोल हा एक पदार्थ नाही. लहान-मोठ्या रेणूंच्या शेकडो हायड्रोकार्बनांचं ते मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात, जड घटकांना २०० अंशांच्या आसपास जावं लागतं. हलके घटक लागतातच, नाहीतर थंडीत गाडी सुरू होणार नाही. उन्हाळ्यात तेच त्रास देतात.

त्यात जुन्या गाडीची रचना भर घालते. टाकी मागे, पंप पुढे, इंजिनाला टेकून. तो मागून पेट्रोल ओढतो, म्हणजे नळीत दाब कमी करतो. दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढवून आपण पाणी १२० अंशांपर्यंत द्रवरूपात ठेवतो, हे बरोबर त्याच्या उलट आहे. आजच्या गाड्यांत पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल दाबाखाली पुढे ढकलतो, म्हणून त्यांना ही व्याधी सहसा होत नाही.

पण मग गाडी घाट चढताना न थांबता, रस पिऊन आल्यावर का रुसली? चालत्या गाडीत पंखा हवा ओढत असतो, पाणी फिरत असतं, टाकीतलं गार पेट्रोल सतत पंपातून जात असतं. इंजिन बंद केलं की हे तिन्ही एकदम थांबतं. तापलेल्या शे-दीडशे किलो धातूतली उष्णता मात्र जागच्या जागीच असते. ती आता बोनेटखाली पसरते, आणि बंद गाडीतला पंप पहिली दहा-पंधरा मिनिटं थंड होण्याऐवजी उलट तापत जातो. आम्ही नेमके त्या वेळातच परतलो होतो.

ओल्या फडक्याचं गणित

उपाय साधा होता. मिस्त्रींनी रसवाल्याकडून पाणी घेतलं, सुती फडकं भिजवून पिळलं आणि पंपाभोवती व नळीवर गुंडाळलं. बोनेट उघडंच ठेवून गाडीचं तोंड वाऱ्याकडे वळवलं. अँबॅसेडर आणि फियाट चालवलेल्या जुन्या चालकांच्या पिढीला हा उपाय पाठ होता.

त्यामागचं गणित थक्क करणारं आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते भोवतालची सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातं. तेवढंच पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला लागणाऱ्या उष्णतेच्या ही जवळजवळ आठपट आहे. म्हणजे काम पाण्याच्या गारव्यापेक्षा त्याच्या वाळण्यानं अधिक होतं. घरातला माठ याच तत्त्वावर पाणी गार करतो. म्हणूनच देशावरच्या कोरड्या हवेत फडकं झटपट काम करतं आणि कोकणातल्या दमट हवेत तेच रेंगाळतं. तिथे फडकं पुन्हा पुन्हा भिजवण्यापेक्षा सावली आणि वारा शोधावा. पाणी इंजिनावर सरळ ओतू मात्र नये. तापलेलं ओतीव लोखंड एकाच बाजूनं अचानक आकसलं, तर त्याला तडा जातो.

इंजिन तापलेलं असताना रेडिएटरच्या झाकणालाही हात लावायचा नसतो; इथे कारण पुन्हा दाबाचं आहे. महाबळेश्वरच्या १,३७२ मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असल्यानं उघड्यावरचं पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळतं. झाकण दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी त्याहून तापलेलं असूनही द्रवरूपात राहतं. झाकण उघडलं की दाब एकदम उतरतो, त्या क्षणी पाणी उकळून उसळतं आणि हात-तोंड भाजतं. अर्धा तास थांबणं हाच त्यावरचा इलाज.

बेर्था बेंझची पिन

घरापासून दूर बंद पडलेल्या गाडीशी अशी बुद्धीनं झुंजणारी पहिली व्यक्ती एक स्त्री होती. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ, पती कार्ल बेंझला न सांगता, ऑयगेन आणि रिचर्ड या मुलांना घेऊन त्याच्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडं अधिक. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिनं ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ठिणगीची वायर उघडी पडली तेव्हा मोजा बांधायच्या पट्ट्यानं तिला इन्सुलेशन केलं. विस्लोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन हे इंधन विकत घेतलं. लाकडी ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. त्या मोटारीचं इंजिन पाण्याची वाफ होऊ देऊनच थंड राहत असे, म्हणून वाटेत वारंवार पाणी भरावं लागलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली, आणि त्या अनुभवातूनच पुढे चढासाठी जादा गिअर आला. इंधन, ठिणगी, उष्णता : तिच्यापुढचे प्रश्न आमच्या घाटातल्या प्रश्नांहून निराळे नव्हते.

नवं पेट्रोल, जुनं रबर

आज या प्रश्नांत एका नव्याची भर पडली आहे. आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही उसातून येतं. जुन्या पंपांचे पडदे आणि रबरी नळ्या इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा होऊ शकतो. जुनी गाडी बाळगणाऱ्यानं नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घ्यावेत. गाडी सारखी वापरात ठेवणंही तितकंच महत्त्वाचं.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं दिली. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. गाड्या जपण्याची सोय झाली, पण बोटानं पंपाचा खटका मारून फेस ओळखणारे हात कमी होत चालले आहेत. तेही जपायला हवेत, आणि ते ज्ञान शिकूनच जपता येतं.

न बदललेला कंडेन्सर

वीस मिनिटांनी मिस्त्रींनी फडकं पुन्हा भिजवलं आणि खटका मारला. बाटलीत पेट्रोलची सलग धार पडली. नळी घट्ट केली, सांडलेलं पुसून वाळू दिलं. दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं.

त्या दुपारी गाडीतला एकही भाग मोडलेला नव्हता. पेट्रोल त्याच्या स्वभावाप्रमाणे वागलं होतं, इतकंच. समजा, मिस्त्री पोहोचले नसते आणि मी कंडेन्सर बदलायला घेतला असता. त्या कामाला वीस मिनिटं लागली असती, तेवढ्यात पंप आपोआप निवला असता, गाडी सुरू झाली असती, आणि दोष कंडेन्सरचाच होता हे मी जन्मभर छातीठोकपणे सांगितलं असतं. गाडी सुरू झाली, एवढ्यावरून निदान बरोबर ठरत नाही. आधी तपासायचं, एका वेळी एकच गोष्ट, आणि मगच हात घालायचा, हे प्रयोगशाळेत जितकं खरं आहे तितकंच घाटातल्या वळणावरही.

परतीच्या वाटेवर सुरूरजवळ चहाला थांबलो. चहा सांगायच्या आधी दादा पुढे गेला, बोनेट उघडलं आणि गाडीचं तोंड वाऱ्याकडे आहे ना, ते पाहून आला.