कारखान्याचा भोगवटादार कोण?

माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी भेटायला आला. प्रेसवर काम करताना त्याची उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. काम भराभर उरकावे म्हणून यंत्रावरची संरक्षक जाळी काढून ठेवलेली. "साहेब म्हणाले, तुझंच लक्ष नव्हतं," तो सांगत होता. मग हळूच म्हणाला, "सर, कंपनीत मालक म्हणजे नेमका कोण हो?"

प्रश्न साधा आहे, वाचकहो, पण उत्तर तितके सोपे नाही. शेतावर गडी ठेवला तर धनी डोळ्यांसमोर असतो. कंपनीचे तसे नाही. कायद्याच्या दृष्टीने कंपनी हीच एक स्वतंत्र व्यक्ती. ती जमीन घेते, कर्ज काढते, दंडही भरते. पण तिला तुरुंगात कसे धाडणार? अशा वेळी निर्णय घेणारे संचालक नामानिराळे राहू शकतात.

यावर उपाय म्हणून कायद्याने एक माणूस नेमून दिला. सात-बाराच्या उताऱ्यावरचा 'भोगवटादार' हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातही भोगवटादार होता. कारखान्याच्या कारभारावर ज्याचा अखेरचा ताबा, तो भोगवटादार. कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्याच्यावर.

पण कंपन्यांनी पळवाट काढली. एखाद्या पगारी अधिकाऱ्यालाच भोगवटादार म्हणून पुढे करायचे! १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे बळी घेतली, आणि त्यानंतर १९८७ मध्ये कायदा सुधारण्यात आला. कंपनीचा कारखाना असेल तर तिच्या संचालकांपैकीच एक जण भोगवटादार मानला जाईल, असे ठरले. कंपन्या न्यायालयात गेल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला : नोकराला पुढे करता येणार नाही, भोगवटादार संचालकच हवा. 'मला ठाऊक नव्हते' एवढे म्हणून त्याची सुटका नाही. आपण योग्य ती सर्व काळजी घेतली होती आणि कसूर दुसऱ्याची आहे, हे त्यानेच सिद्ध करावयाचे.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या अधिनियमाच्या जागी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली आहे. तत्त्व तेच राहिले. फक्त स्वतंत्र संचालकांना त्यातून वगळले आहे. कर्तव्यात कसूर होऊन कामगाराचा मृत्यू झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडाचा निम्मा किंवा अधिक भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

कायदा झाला म्हणजे न्याय झाला, असे मात्र समजू नका. भोपाळच्या खटल्यात भारतीय कंपनीच्या अध्यक्षांसह सात जणांना दोन वर्षांची शिक्षा झाली, ती ७ जून २०१० रोजी. पंचवीस वर्षांनी! आणि त्याच दिवशी त्यांना जामीनही मिळाला.

म्हणून अपघातानंतर धावाधाव करण्यापेक्षा आधीच विचारणे बरे. कामातल्या धोक्यांची माहिती मालकाकडे मागणे हा कामगाराचा हक्क आहे. जिवावर बेतेल असा धोका दिसला तर तो मालकाला सांगावा आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवावा, अशी तरतूद आहे. आपल्या राज्यात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या वर्गातली कितीतरी मुले उद्या यंत्रापुढे उभी राहतील. जाळी काढलेल्या यंत्रावर हात घालू नये, हे त्यांना सांगाच. पण ती जाळी जागेवर ठेवणे हे कोणाचे कर्तव्य आहे, तेही सांगा. माझ्या विद्यार्थ्याला मी ते शाळा सुटल्यावर, बोटे गेल्यावर सांगितले. आपण वेळेवर सांगावे.