मणक्यातील गाठ: सुई, नळी आणि काही गैरसमज

कमरेच्या मणक्यात आढळणारी आणि नस दाबणारी सिस्ट बहुधा फॅसेट सांध्यातून फुगून आलेली द्रवाची पिशवी असते. मणक्यांच्या मागच्या बाजूचे हे छोटे सांधे वयाबरोबर झिजतात, त्यांचे अस्तर मज्जानलिकेकडे फुगते आणि शेजारच्या नसेवर दाब येतो. कमरेचा चौथा आणि पाचवा मणका यांमधल्या सांध्यात ती सर्वाधिक दिसते, तीही मुख्यतः साठीच्या आसपास. कमरेपेक्षा पायात जाणारी कळ, मुंग्या आणि थोडे चालताच पाय भरून येणे ही तिची खरी लक्षणे.

एमआरआयच्या अहवालात ‘गाठ’ वाचताच कर्करोगाची धास्ती वाटते. ही गाठ कर्करोगाची नसते आणि पुढे तशी होतही नाही. अहवालात दिसली म्हणजे दुखण्याचे मूळ तीच, असेही नाही. उदाहरणार्थ, न्यूरोसर्जन आयझॅडोर टार्लोव्ह यांनी १९३८ मध्ये वर्णिलेल्या, त्रिकास्थीतील नसांच्या मुळांवरच्या सिस्ट बहुतेकांना कसलाच त्रास देत नाहीत. त्यांच्या भिंतीतच नसेचे तंतू असू शकतात, त्यामुळे तिथे शस्त्रक्रियेची घाई धोक्याची. गाठीची बाजू आणि पायातली कळ जुळते का, हे तपासणे म्हणूनच अहवालाइतकेच मोलाचे आहे.

सुईने गाठ फोडली की प्रश्न मिटला, हा समज फार पसरलेला आहे. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनच्या मदतीने सांध्यात सुई घालून स्टिरॉइड देतात आणि दाबाने गाठ फोडतात. भूल फक्त त्या जागेपुरती असते, रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. पण झिजलेला सांधा तसाच राहतो आणि गाठ पुन्हा भरू शकते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०१ रुग्णांच्या अभ्यासात निम्म्याहून थोड्या अधिक जणांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. तरीही उरलेल्यांची शस्त्रक्रिया टळली, हे थोडे नाही.

दुर्बिणीने किंवा नळीतून केलेल्या शस्त्रक्रियेत साधारण दोन-अडीच सेंटिमीटरचा छेद पुरतो. स्नायू कापण्याऐवजी बाजूला सारले जातात, त्यामुळे रक्तस्राव आणि सुरुवातीची वेदना कमी. मात्र छेद लहान म्हणून जोखीम नाही, असे समजू नये. गाठ अनेकदा मज्जारज्जूच्या आवरणाला चिकटलेली असते, आणि ती सोडवताना आवरण फाटून द्रव झिरपू शकतो. प्रत्येकाला स्क्रूही बसवावे लागत नाहीत. मणका पुढे सरकून अस्थिर झाला असेल तेव्हाच मणके जोडण्याचा विचार होतो.

मालिशने गाठ विरघळत नाही. त्रास सौम्य असेल तर औषधे व व्यायाम देऊन वाट पाहता येते, काही गाठी आपोआप आकसतात. परंतु लघवी अडणे, शौचावरचा ताबा सुटणे, जांघांमध्ये बधिरपणा किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होणे दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.