वाळवंटातल्या समुद्रावर जाताना

परवा शेजारचा मुलगा घरी आला. वय पंचवीस, नोकरीला लागलेला. कर्नाटकातल्या मुल्कीला दोनदा जाऊन लाटेवर फळी घेऊन उभं राहायला शिकलाय. म्हणाला, "काका, जुलैत पेरूला जायचं म्हणतोय. लिमाला, सर्फिंगला. वाळवंटाला लागून समुद्र आहे, म्हणजे कपडे फारसे लागणार नाहीत ना?"

मी त्याला बसवलं आणि चहा टाकायला सांगितला. कारण हीच चूक मी स्वतः केली होती.

नकाशा बघितला तर मुल्की विषुववृत्ताच्या उत्तरेला तेरा अंशांवर आणि लिमा दक्षिणेला बारा अंशांवर. मग हवापाणी सारखंच असणार, असं आपण धरून चालतो. पण मुल्कीला पहाटेसुद्धा पाणी कोमट लागतं, तर लिमाला जुलैत ते 16-17 अंश सेल्सिअस असतं. आणि सुमारे एक कोटी वस्तीच्या या शहरात वर्षाचा पाऊस दोन सेंटिमीटरही होत नाही.

कोरडी जमीन आणि गार पाणी ही एकाच आईची लेकरं आहेत. पेरूच्या किनाऱ्यालगत दक्षिणेकडून हम्बोल्ट नावाचा थंड प्रवाह येतो. वाराही किनाऱ्याला धरून दक्षिणेकडूनच वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळं हा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. त्यावरची हवा थंड, जड होते. तिच्या डोक्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. मग हवा वर चढायची कशी आणि पावसाचे ढग व्हायचे कसे? हिवाळाभर नुसतं राखाडी छत असतं. त्यातून झिरपतं ते दवासारखं बारीक तुषार, तिथं त्याला गारुआ म्हणतात. पाऊस नाही, पण टॉवेलही वाळत नाही, असलं हे वाळवंट!

मी जुलैतच गेलो होतो. बँकेत नोकरी, मार्चअखेरीला रजा कोण देणार? अंगात पातळ बनियनवजा सदरा. वीस मिनिटांत बोटं वळेनात. लाट आली, पण फळीवर हात टेकून उठायला हातात जोरच नव्हता. लिमा उंच कड्यावर वसलेलं आहे आणि कड्याखालचा किनारा पुळणीचा नाही, गोट्यांचा आहे. परतणाऱ्या पाण्याबरोबर ते गोटे गडगडतात. त्यावर गुडघा सोलून निघाला, आणि पुढच्या लाटेनं मला पुन्हा आत ओढलं. पोहायला येत असूनही त्या क्षणी पाय चालेनात. शेवटी शिकवणाऱ्या एका स्थानिक माणसानं फळीला धरून मला ओढत आणलं. तो स्पॅनिशमध्ये काय बोलला ते कळलं नाही, पण सूर आमच्या आजोबांचा होता. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं वेटसूट घेतला. रबरी फेसाच्या कापडाचा हा अंगाबरोबर बसणारा पोशाख तिथल्या हिवाळ्यात छातीला तीन आणि हातापायांना दोन मिलिमीटर जाडीचा तरी हवा. गोट्यांसाठी पायांतही काहीतरी हवं.

आता लाटांचं. तिथली मोठी लाट तिथल्या वाऱ्याची नसते. दक्षिण ध्रुवाकडच्या महासागरातल्या वादळांत ती जन्मते आणि हजारो किलोमीटर चालत येते. दोन लाटांमधलं अंतर सोळा सेकंदांचं असेल, तर लाटांचा असा जथा ताशी सुमारे 45 किलोमीटरनं पुढं सरकतो. म्हणजे सहा हजार किलोमीटरवरचं वादळ साडेपाच दिवसांनी लिमाला पोचतं. म्हणून अंदाज आठवडाभर आधी मिळतो. त्यात नुसती उंची बघू नका, सेकंदही बघा. आठ सेकंदांची कमरेएवढी लाट आणि सोळा सेकंदांची तेवढीच लाट यांत टांगा आणि मालगाडी एवढा फरक आहे.

एप्रिल ते ऑक्टोबर या मालगाड्यांचा हंगाम. डिसेंबर ते मार्च तिथला उन्हाळा, तेव्हा ऊन असतं, पाणी त्यातल्या त्यात सुसह्य आणि लाटा बेताच्या. आपला समुद्र पावसाळ्यात खवळलेला, नारळी पौर्णिमेआधी आपण त्याच्या वाटेला जात नाही, म्हणून जुलैत परदेशी जावंसं वाटतं. पण नवशिक्यानं नेमकं तेव्हाच लिमा गाठू नये.

शिकायला मिराफ्लोरेसच्या कड्याखालचे वायकीकी आणि माकाहा हे किनारे बरे. हवाईहून फळी घेऊन आलेल्या कार्लोस डोग्नी यांनी 1942 मध्ये इथंच क्लब काढला. शहराच्या दक्षिणेला पुंता रोकास आहे. तिथं 1965 ची जागतिक स्पर्धा पेरूच्याच फेलिपे पोमार यांनी जिंकली. जवळच पिको आल्तो, तिथं मोठ्या दिवशी लाट दोन-तीन मजली होते. आमच्या पाहुण्याला तिथंच जायचं होतं! काठावरून बघ म्हटलं, मीही तेच केलं.

ला एर्रादुरा मात्र बघायलाच हवं. गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकात तिथं रस्त्यासाठी कडा सुरुंगानं फोडला, दगड समुद्रात गेले, आणि नावाजलेली लाट बिघडली. लाट म्हणजे तळाचा आकार. तळ हलला की लाट गेली. पुढं 2000 मध्ये पेरूनं लाटांना संरक्षण देणारा कायदा केला. आपल्याकडं बंधारे आणि जेट्ट्या बांधताना हा विचार कुणी करतं का, असं मला राहून राहून वाटतं.

बाकीचं थोडक्यात. मुंबईहून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे गेलात तर विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. फळी नेऊ नका, तिथं भाड्यानं मिळते. निघण्याआधी एल निन्योची बातमी बघा. त्या वर्षी पाणी कोमट होतं, पण डोंगरातून चिखलाचे लोंढे येतात. 2017 च्या मार्चमध्ये त्यांच्यामुळं लिमात नळाला पाणी नव्हतं.

पोरानं कॅलेंडर काढलं, फेब्रुवारीच्या रजा मोजल्या. मी माळ्यावरून माझा जुना वेटसूट काढून दिला. खांद्यात घट्ट झाला त्याला. म्हटलं, राहू दे, तोही तिथंच भाड्यानं घे.