खेरवाडा आणि कलकत्ता

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरांना डासाच्या जठरात हिवतापाचे परोपजीवी दिसले. पुढच्याच महिन्यात त्यांची बदली राजपुतान्यातील खेरवाड्यास झाली आणि काम थांबले. लंडनहून पॅट्रिक मॅन्सन यांनी खटपट केली, तेव्हा १८९८ च्या आरंभी त्यांना केवळ संशोधनासाठी कलकत्त्यास नेमण्यात आले. त्याच जुलैत, पक्ष्यांवरील प्रयोगांतून, डासाच्या दंशाने हा रोग पसरतो हे त्यांनी सिद्ध केले.

आजचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. रुग्णाच्या रक्तातील बहुतेक परोपजीवी केवळ आपली संख्या वाढवितात. ताप येतो तो त्यांच्यामुळे. थोडेच नर-मादी रूप घेतात, आणि डासात संसार थाटतात ते तेवढेच. फाल्सिपेरम जातीत ही रूपे अस्थिमज्जेत दडून दहा-बारा दिवसांनी पक्व होतात. नेहमीच्या औषधांना ती सहसा दाद देत नाहीत. म्हणूनच ताप उतरून कामावर रुजू झालेला माणूसही काही काळ डासांना रोग देत राहतो. या रूपांतराची कळ फिरविणारे जनुक २०१४ साली सापडले. पण ती केव्हा व का फिरते, याचा पुरता उलगडा व्हायचा आहे.

अशा अभ्यासासाठी विद्यापीठात एखादी जागा निघाली, की तिचा उपयोग काय, असे विचारले जाते. खेरवाड्यात आणि कलकत्त्यात माणूस तोच होता, जिद्दही तीच होती. बदलली होती ती फक्त नेमणूक.