लळा आणि तृष्णा : बालमनाच्या जडणघडणीचा विचार

भोगावतीच्या काठचे राधानगरी हे गाव राजर्षी शाहू महाराजांनी वसविले आणि त्यास आपल्या कन्येचे, राधाबाई आक्कासाहेबांचे, नाव दिले, हे कोल्हापूर जिल्ह्यात सर्वश्रुत आहे. महाराजांच्या जन्मदात्या मातेचे नावही राधाबाईच होते, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. २६ जून १८७४ रोजी जन्मलेले हे बालक तीन वर्षांचेही झाले नव्हते, तोच १८७७ साली ती माता निवर्तली. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि १८८६ साली त्यांचे पितृछत्रही हरपले. आमच्या दुसऱ्या महापुरुषाची कथाही अशीच आहे. बालक भीमराव पाच वर्षांचे असताना, १८९६ साली, माता भीमाबाई गेल्या आणि आत्या मीराबाईंनी त्यांना वाढविले. सिद्धार्थ गौतमाची माता महामाया तर पुत्रजन्मानंतर सातव्या दिवशीच गेली व महाप्रजापती गौतमीने त्यास आपले दूध पाजले.

बालवयातील मायेचा मनुष्याच्या पुढील आयुष्याशी संबंध काय, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस परका नाही. प्रस्तुत लेखात त्याचा विज्ञाननिष्ठ दृष्टीने विचार करावयाचा आहे.

प्रारंभीच एका शंकेचे निरसन केले पाहिजे. तथागतांनी तृष्णेला दुःखाचे कारण म्हटले आणि उपादानाचा, म्हणजे घट्ट धरून ठेवण्याच्या वृत्तीचा, त्याग सांगितला. मग मुलाच्या मनात आईविषयी ओढ निर्माण व्हावी, असे आम्ही कसे म्हणावे? शंका रास्त आहे. परंतु येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. मानसशास्त्र ज्या बंधाविषयी बोलते, त्यासाठी आमच्या बोलीत एक सुंदर शब्द आहे : लळा. लळा म्हणजे आसक्ती नव्हे. भय वाटले असता ज्याच्याकडे धाव घ्यावी आणि भय सरले असता ज्याला सोडून निर्धास्तपणे खेळावयास जावे, अशा माणसाशी जुळलेले नाते म्हणजे लळा.

या विषयाची शास्त्रीय मांडणी प्रथम ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७-१९९०) यांनी केली. दुसऱ्या महायुद्धानंतर निराधार झालेल्या बालकांविषयीचा त्यांचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ साली प्रसिद्ध केला. मूल आईला चिकटते ते केवळ दुधासाठी, अशी तत्पूर्वी अनेक विद्वानांची धारणा होती. अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने तिला धक्का दिला. माकडाच्या पिलांपुढे दोन कृत्रिम आया ठेवल्या होत्या. एक तारेची, दुसरी मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असले तरी पिले बहुतेक वेळ कापडाच्या आईलाच बिलगून राहत. पोट भरणे आणि जीव शांत होणे या दोन निरनिराळ्या भुका आहेत, हे यावरून दिसून आले.

बोल्बी यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी प्रथम युगांडातील खेड्यांत व नंतर अमेरिकेत माता-बालकांचे निरीक्षण केले. वर्ष-दीड वर्षाचे मूल आईसह एका अनोळखी खोलीत आणावे, आईने थोडा वेळ बाहेर जावे व परत यावे, एवढाच त्यांच्या प्रसिद्ध प्रयोगाचा गाभा. महत्त्वाचे निरीक्षण आई जाते तेव्हाचे नसून ती परत येते तेव्हाचे असते. काही मुले रडत आईकडे धावतात, तिच्या कुशीत शांत होतात आणि पुन्हा खेळू लागतात. हा सुरक्षित बंध होय. काही मुले आईकडे पाहतही नाहीत. आपल्या हाकेला उत्तर मिळत नाही, हे ती जणू शिकलेली असतात. काही मुले आईला घट्ट धरतात, तरी शांत होत नाहीत. कधी उत्तर मिळते, कधी मिळत नाही, असा त्यांचा अनुभव असतो. ज्यांना सांभाळणाऱ्याचेच भय वाटते, अशा गोंधळलेल्या मुलांचा चौथा प्रकार पुढील संशोधकांनी नोंदविला.

सुज्ञ वाचकांनी येथे एक गोष्ट पाहावी. ज्याला उत्तराची खात्री आहे ते मूल हात सोडते. ज्याला ती नाही ते एक तर धरून ठेवते, नाही तर मन आवळून घेते. म्हणजे खरा लळा उपादानाला जन्म देत नाही. लळ्याची उपासमार मात्र देते. बंध जितका विश्वासाचा, तितकी पकड सैल.

हा अनुभव बालपणाबरोबर संपत नाही. ‘मी मायेस पात्र आहे काय? संकटात कोणी येईल काय?’ या दोन प्रश्नांची उत्तरे मूल बोलता येण्यापूर्वीच मनात साठविते आणि पुढे मित्र, पती-पत्नी, अपत्ये यांच्याशी त्याच आधारे वागू लागते. १९८७ साली हेझन व शेव्हर या संशोधकांनी प्रौढांच्या प्रेमसंबंधांतही हेच आकृतिबंध दाखवून दिले. जोडीदार क्षणभर गप्प राहिला की त्याने आपल्याला टाकले, असे एकास वाटते. दुसरा जवळीक वाढू लागताच मागे सरतो.

तथापि बालपण म्हणजे विधिलिखित नव्हे. अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९७०च्या दशकापासून मुलांचा जन्मापासून प्रौढपणापर्यंत अभ्यास झाला. आरंभीच्या अनुभवाचा प्रभाव राहतो, परंतु पुढील नात्यांनी तो बदलूही शकतो, असे त्यातून दिसले. समंजस शिक्षक, प्रेमळ आजी, विश्वासू जोडीदार यांच्या सहवासात जुनी जखम भरून येते. कारण बदलले की परिणाम बदलतो, हे प्रतीत्यसमुत्पादाच्या अभ्यासकाला वेगळे सांगावयास नको. महामाया गेली, गौतमी उभी राहिली. भीमाबाई गेल्या, मीराबाई उभ्या राहिल्या. लळा रक्ताने ठरत नाही. हाकेला नित्य मिळणाऱ्या उत्तराने ठरतो.

म्हणूनच या शास्त्राच्या नावाने कष्टकरी मातेला दोषी ठरविणे आम्हांस मान्य नाही. कोल्हापूर जिल्ह्यात उसाचा हंगाम सुरू झाला की बीडसारख्या भागांतून टोळ्या येतात. नवरा-बायकोचा एक कोयता. फडाच्या कडेला कोपी किंवा झोळी, आणि तान्ह्याजवळ सहा-सात वर्षांची बहीण. ती माता मुलाला जवळ घेत नाही ती माया नाही म्हणून नव्हे, तर मोळी बांधल्यावाचून उचल फिटत नाही म्हणून. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीत पूर्वशिक्षण आहे. परंतु ज्या पहिल्या तीन वर्षांत लळा आकारास येतो, त्या वयाच्या मुलास दिवसभर सांभाळण्याची सोय अशा मातांना क्वचितच लाभते. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाच्या आगेमागे मातेस विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका घेतली होती. २०१७च्या दुरुस्तीने ही रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. फडावरील मातेपर्यंत मात्र ती पोहोचलेली नाही. बालकाचा लळा हा केवळ घरातील प्रश्न नसून सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे, तो असा.

कायदा येईल तेव्हा येवो. घरात व विहारात काही गोष्टी आजही करता येतील. रडणाऱ्या तान्ह्याला ‘रडू दे, सवय होईल’ म्हणून सोडू नये. लहानग्याला उचलून घेतल्याने ते लाडावत नाही. कामावर जाताना मुलाची नजर चुकवून निघू नये. सांगून जावे आणि सांगितल्याप्रमाणे परतावे. सांभाळणारी माणसे वारंवार बदलू नयेत. मूल वसतिगृहात ठेवले असेल तर भेटीचा दिवस चुकवू नये. पित्याने हे आईचे काम समजू नये. विहारातील उपासिकांनी पाळीपाळीने मजूर मातांची तान्ही मुले सांभाळली, तर ते मोलाचे दान ठरेल.

राहुलाला संघात घेतल्यावर वृद्ध शुद्धोदनाने आपली व्यथा तथागतांपुढे मांडली. ती ऐकून, आईबापांच्या अनुमतीवाचून कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम तथागतांनी केला, असे विनयपिटक सांगते. करणीय मेत्त सुत्तातही सर्व प्राणिमात्रांविषयीच्या मैत्रीला दृष्टान्त दिला आहे तो एकुलत्या पुत्राला जपणाऱ्या मातेचा. ज्या धम्माने तृष्णेचा क्षय सांगितला, त्यानेच हा बंध आदराने पाहिला. स्वतःच्या हाकेला उत्तर मिळालेले मूलच पुढे दुसऱ्याची हाक सहज ऐकू शकते. मैत्रीचा पहिला पाठ ते मांडीवरच शिकलेले असते.