स्फटिकाचे पेले आणि त्यांतील शिसें

दुकानांत जो पेला 'क्रिस्टल' म्हणून मोठ्या किंमतीस विकला जातो, त्यांत स्फटिक असा कांहींएक नसतो. स्फटिकांत कणांची मांडणी नियमबद्ध असते. कांच कितीहि मौल्यवान असली तरी तिचे कण अस्ताव्यस्तच. हें नांव पडलें व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर. पंधराव्या शतकांत तेथील कारागिरांनीं इतकी निर्मळ कांच केली, कीं ती खाणींतल्या स्फटिकासारखी भासली.

पुढें लंडनांत जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट ह्यानें १६७४ सालीं नव्या कांचेचें पेटंट मिळविलें. त्याच्या पहिल्या भांड्यांना लवकरच बारीक तडे जात व तीं धुरकट होत. मिश्रणांत शिशाचें भस्म घातल्यावर हा दोष आटोक्यांत आला. शिशाची कांच वजनाला जड. ती प्रकाशाला अधिक वांकविते, म्हणून पैलू पाडले कीं तिच्यांत रंग खेळूं लागतात. कापावयास ती मऊ असते, आणि टिचकी मारली तर घंटेप्रमाणें निनादते. युरोपांत १९६९ सालीं नियम झाला कीं, शिशाचें भस्म शेंकडा २४ असेल तरच मालास 'लेड क्रिस्टल' म्हणावें.

परंतु मद्य हें आम्ल आहे, आणि आम्लांत शिसें हळूहळू उतरतें. ग्रॅझियानो व ब्लम ह्या अमेरिकन संशोधकांनीं १९९१ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पोर्ट नांवाचें गोड मद्य त्यांनीं क्रिस्टलच्या सुरयांत भरून ठेविलें. आरंभीं त्यांत लिटरमागें ८९ मायक्रोग्रॅम शिसें होतें. चार महिन्यांनीं तें ३५१८ वर गेलें. लोकांच्या घरीं दीर्घकाळ सुरईंत राहिलेल्या मद्यांत तर २१,५३० पर्यंत आढळलें. पिण्याच्या पाण्यासाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें घातलेली मर्यादा अवघी १० मायक्रोग्रॅम आहे! पेल्यांत ओतलेल्या पांढऱ्या द्राक्षमद्यांतहि कांहीं मिनिटांत थोडें शिसें उतरतें. पण तें अल्प. खरा धोका साठवणुकीचा आहे. सुरईंत सायंकाळीं ओतावें आणि रात्रीं ती रिकामी करावी, एवढेंच तिचें काम.

आमच्या घरीं मद्य शिवत नाहींत, असें म्हणून कोणीं निर्धास्त राहूं नये. लग्नांत आहेर आलेल्या जडशा नक्षीदार जगांत लिंबाचें सरबत रात्रभर ठेवणारीं घरें थोडीं नाहींत, आणि लिंबूहि आम्लच आहे. लहान मुलांच्या मेंदूस व गर्भास शिसें विशेष घातक असल्यानें अशा भांड्यांतून त्यांना कांहींहि देऊं नये. तीं कपाटांतच शोभतात.

आतां शिशावांचूनहि उत्तम क्रिस्टल होतें. त्यांत बेरियम, जस्त, पोटॅशियम इत्यादिकांचीं भस्में असतात. नवा संच घेतांना वेष्टनावर 'शिसेंविरहित' असें लिहिलें आहे किंवा नाहीं, तें पाहावें.

राहिला आकार. ऑस्ट्रियाच्या क्लाउस रीडेल ह्यानें १९७३ सालीं निरनिराळ्या मद्यांसाठीं निरनिराळ्या आकारांचे, पातळ व नक्षीहीन पेले बाजारांत आणिले. पेल्याचा आकार मद्यास जिभेच्या ठराविक भागावर नेतो, असें विक्रेते सांगतात. गोड, आंबट इत्यादि चवींचे जिभेवर वेगळे प्रांत आहेत, ही कल्पनाच शास्त्राला मान्य नाहीं. तेव्हां त्या गप्पांस पैसे मोजूं नयेत. वासाची गोष्ट मात्र खरी. टोकियोंतील संशोधकांनीं २०१५ सालीं मद्यार्काच्या वाफेचीं छायाचित्रें घेतलीं. १३ अंश सेल्सियसच्या द्राक्षमद्यावर ती वाफ पेल्याच्या कांठाशीं कड्यासारखी जमली आणि मध्यभागीं विरळ राहिली, म्हणून तेथें मद्याचा सुवास अर्काच्या झोंबण्यावांचून घेतां येतो. सरळ पेल्यांत असें कडें दिसलें नाहीं. यासाठीं पोट रुंद व तोंड निमुळतें असा पेला घ्यावा, तो तिसरा हिस्साच भरावा, आणि हाताची ऊब लागूं नये म्हणून दांड्यास धरावा. धुतांना मात्र उलट: हात वाटीला असावा, दांड्यास पीळ देऊं नये, तो तेथेंच मोडतो.