अमेरिकेंतील मालमोटारींचीं दप्तरें

अमेरिकेच्या हमरस्त्यांवरून धांवणाऱ्या मोठ्या मालमोटारीच्या दारावर कंपनीचें नांव आणि ‘यूएसडॉट’ ह्या अक्षरांपुढें एक आंकडा रंगविलेला असतो. हा आंकडा गाडीचा नव्हे, कंपनीचा होय. आपल्याकडे वाहनाच्या क्रमांकावरून त्या एका गाडीची नोंदणी, विमा व योग्यतेच्या दाखल्याची मुदत कळते; तेथें ह्या आंकड्यानें सबंध धंद्याचें दप्तर उघडतें, आणि तें कोणाही नागरिकास घरबसल्या, इंटरनेटवर, एक पैसाही न देतां पाहतां येतें. १०,००१ पौंड, म्हणजे सुमारें साडेचार हजार किलो, वा त्याहून अधिक वजनाच्या वर्गांतील गाडी धंद्यासाठीं एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत नेणाऱ्यास हा आंकडा घ्यावाच लागतो. तो गाडीच्या दोन्ही अंगांस असावा व गाडी उभी असतां दिवसाउजेडीं ५० फुटांवरून वाचतां यावा, असा नियम आहे.

ह्या गोष्टीचा महाराष्ट्रांतील घरांशीं संबंध आतां दूरचा राहिलेला नाहीं. पुण्यामुंबईच्या पुष्कळ कुटुंबांतील मुलें व मुली तिकडे नोकरीस आहेत; बदली झाली कीं न्यू जर्सीचें बिऱ्हाड टेक्साससारख्या दूरच्या राज्यांत हलवावें लागतें. मग आईनें दिलेल्या पितळी समईपासून मुलांच्या पाळण्यापर्यंत सारा संसार एका अनोळखी माणसाच्या स्वाधीन होतो. तो माणूस कोण, हें विचारण्याची जागा म्हणजे हें दप्तर.

देखरेखीचा इतिहास थोडक्यांत असा. रेल्वेसाठीं १८८७ सालीं स्थापन झालेल्या आंतरराज्य व्यापार मंडळाकडे मालमोटारींचा कारभार १९३५ च्या कायद्यानें आला. १९८० च्या कायद्यानें धंद्याचीं दारें मोकळीं केलीं आणि कंपन्यांची संख्या झपाट्यानें वाढली. १९९५ च्या अखेरीस तें मंडळच बंद झालें, व १ जानेवारी २००० पासून सुरक्षिततेचें काम ‘फेडरल मोटर कॅरिअर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन’ ह्या स्वतंत्र खात्याकडे आलें.

दप्तरांत कंपनीचें कायदेशीर नांव, पत्ता, गाड्यांची व चालकांची संख्या असते, आणि गेल्या २४ महिन्यांत रस्त्यावर झालेल्या तपासण्यांचा हिशेबही असतो. ह्या तपासण्या कडक असतात. ब्रेक, टायर, दिवे हे तर पाहिले जातातच, पण चालकाची झोंपसुद्धां तपासली जाते. कारण माल नेणाऱ्यास सलग १० तास विसांवा घेतल्यानंतर ११ तासांपेक्षां अधिक गाडी चालविण्याची मनाई आहे. दोष गंभीर असेल तर गाडी किंवा चालक जागच्या जागीं थांबविला जातो. असे प्रसंग शेंकडा किती, हें दप्तरांत लिहिलेलें असतें व शेजारींच सर्व देशाची सरासरी दिलेली असते. हा तुलनेचा स्तंभ मोठा उपयुक्त आहे, मात्र तो आंधळेपणानें वाचूं नये. तीनच तपासण्या होऊन एका वेळीं गाडी थांबविली गेली तरी प्रमाण ३३ टक्के दिसेल. तीनशें तपासण्यांतील ३३ टक्के ही निराळीच गोष्ट आहे.

अपघातांच्या स्तंभाविषयीं असाच विवेक हवा. मनुष्य दगावला, जखमीस उपचारासाठीं हलवावें लागलें, किंवा एखादें वाहन ओढून न्यावें लागलें, कीं त्या अपघाताची नोंद होते. दोष कोणाचा हें तेथें ठरविलेलें नसतें. उभ्या मालमोटारीवर मागून कोणी आदळला तरी नोंद तिच्याच नांवें पडते.

खात्याचे अधिकारी कंपनीचीं कागदपत्रें तपासून ‘समाधानकारक’, ‘सशर्त’ व ‘असमाधानकारक’ अशा तीनपैकीं एक शेरा देतात. पण बहुसंख्य कंपन्यांस कोणताच शेरा मिळालेला नसतो. कोरी जागा पाहून कित्येक लोक ‘तक्रार नाहीं’ असें समजतात. तिचा खरा अर्थ ‘अजून कोणी तपासलें नाहीं’ एवढाच आहे. ज्यांस शेरा आहे त्यांचीही तारीख पाहावी, कारण तो पुष्कळ वर्षांपूर्वींचा असूं शकतो.

कंपनीनें स्वतःची माहिती दर दोन वर्षांनीं नव्यानें भरावयाची असते, आणि तिची पाळी ठरविण्याची युक्ति मोठी मौजेची आहे. आंकड्याचें शेवटचें अक्षर महिना सांगतें: १ म्हणजे जानेवारी, २ म्हणजे फेब्रुवारी, आणि शून्य म्हणजे ऑक्टोबर, त्याच्या आधींचें अक्षर विषम असेल तर वर्ष विषम, सम असेल तर सम. अर्थात् नोव्हेंबर-डिसेंबरांत कोणाचीच पाळी येत नाहीं! मुदत टळून गेलेली दिसली तर गाड्या-चालकांची संख्याही जुनी समजावी.

ह्या सर्व व्यवस्थेचें खरें वैगुण्य मात्र निराळें आहे. दप्तर आंकड्याला चिकटलेलें असतें, माणसाला नव्हे. नांव बदलून, नवा आंकडा घेऊन तोच मालक त्याच गाड्यांसह पुन्हा उभा राहूं शकतो. अशांना तेथें सरडा-कंपन्या म्हणतात. ८ ऑगस्ट २००८ रोजीं टेक्सासमधील शर्मन येथें यात्रेकरूंची एक बस पुलावरून कोसळून १७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. पुढच्या चाकावर पुन्हा रबर चढविलेला टायर होता. बसच्या पुढच्या चाकांस तसा टायर लावण्यास बंदी आहे. चौकशींत आढळलें कीं, मालकाची आधींची कंपनी थोड्याच आठवड्यांपूर्वीं बंद करविली गेली होती, आणि नव्या नांवाच्या कंपनीस परवानाही मिळालेला नव्हता. पुढें प्रवासी व घरसामान नेणाऱ्या कंपन्यांचे नवे अर्ज जुन्या नांवांशीं ताडून पाहण्यास सुरुवात झाली. पण २०१२ च्या सरकारी अहवालानुसार नव्या अर्जदारांत ह्या दोहोंचा वांटा सुमारें दोन टक्केच होता. म्हणून ‘वीस वर्षांचा अनुभव’ अशी जाहिरात आणि दोन महिन्यांपूर्वींचा आंकडा एकत्र दिसले, तर त्याच पत्त्यावर वा टेलिफोनवर पूर्वीं दुसरी कोणती कंपनी होती, हें शोधावें.

बिऱ्हाड हलविणारानें आणखी एक पाहावें. ज्याच्याशीं दर ठरला तो गाडीवाला आहे कीं दलाल, हें दप्तरांत लिहिलेलें असतें. दलाल स्वतः सामान नेत नाहीं. प्रत्यक्ष नेणाऱ्याचें नांव त्याच्याकडून लेखी घ्यावें व त्याचें दप्तर पाहावें. सामान चढविण्याच्या दिवशीं दारावरचा आंकडा करारावरील आंकड्याशीं जुळवावा. जुळला नाहीं, किंवा कंपनीचें नांव नसलेली भाड्याची गाडी आली, तर पहिली पेटी उचलण्यापूर्वींच काम थांबवावें. एकदां दार लावून गाडी निघाली, कीं सामान अडकवून अधिक पैसे मागणाऱ्यांशीं गांठ पडण्याचा संभव असतो.